गुलाबाची काडी फुटते, पण जगत का नाही?

प्रश्न असा आहे: पुण्यात गॅलरीत कुंड्या आहेत. गावठी गुलाबी गुलाबाच्या आणि फुलवाल्याकडच्या डच गुलाबाच्या मिळून दहा-बारा काड्या नोव्हेंबरच्या मध्यावर लावल्या. काही बटाट्यात खोचून, काहींना मध लावून. वर अर्धी कापलेली पाण्याची बाटली पालथी घातली होती. दहा-बारा दिवसांत छान लालसर कोंब आले, म्हणून बाटली काढली. त्यानंतर आठवड्याभरात बहुतेक काड्या काळ्या पडून गेल्या. आता डिसेंबरच्या सुरुवातीला गावठीच्या दोन उरल्या आहेत. कुठे चुकलं, आणि डच गुलाबाचं कलम होतं का?

मुख्य चूक एकच आहे, ती म्हणजे कोंब आला तेव्हा बाटली निघाली. कोंब येणं आणि मूळ येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गुलाबात कोंब बहुतेक वेळा आधी येतो. काडीच्या आत साठवलेला पिष्टमय पदार्थ असतो, डोळ्यात, म्हणजे पानाच्या बेचक्यातल्या बारीक अंकुरात, पान आधीच घडी घालून तयार असतं. पाणी मिळालं की ते उघडतं. फुलदाणीतल्या फांदीलाही असा कोंब फुटतो, तिथे मुळाचा पत्ता नसतो. म्हणजे दहाव्या दिवशी दिसणारा कोंब शिल्लक मोडून खर्च करत असतो, आवक सुरू झालेली नसते. त्यात बाटली काढली की कोवळ्या पानांतून पाणी भराभर उडतं, खालून ओढायला मूळ नाही, आणि काडी दोन्हीकडून रिकामी होते. काळी पडते ती नंतर, बुरशी मेलेल्या भागावर चढते तेव्हा.

म्हणून छाटकलम करताना खरं काम मूळ ‘आणण्याचं’ नसतं. मूळ येईपर्यंतचे चार-पाच आठवडे काडी वाळू द्यायची नाही आणि कुजूही द्यायची नाही, एवढंच असतं. खाली जे काही आहे ते सगळं त्यासाठी.

आधी काडी. लोक सहसा चुकीची काडी घेतात: एकतर छाटणीत निघालेलं अंगठ्याएवढं जुनं लाकूड, नाहीतर वरचा लुसलुशीत शेंडा. जुनं लाकूड मूळ धरायला फार वेळ लावतं, शेंडा दोन दिवसांत मान टाकतो. हवी ती फांदी म्हणजे जिच्यावरचं फूल नुकतंच गळायला आलंय ती. त्या वेळी फांदीत साठा भरलेला असतो, साल हिरवी असते आणि पानांच्या बेचक्यातले डोळे जरासे फुगलेले पण न फुटलेले असतात. पारख काट्याची करा. काटा अंगठ्याने बाजूला दाबा. टचकन तुटून खाली ओलसर हिरवट डाग राहिला तर फांदी तयार आहे. काटा वाकतो आणि सालीची चिंधी घेऊन येतो तर फांदी कोवळी. तपकिरी होऊन घट्ट बसलाय, जोर लावावा लागतो, तर उशीर झाला.

जाडी पेन्सिलएवढी, फार तर थोडी कमी. बटन गुलाब आणि मिनिएचर यांना हा नियम नाही, त्यांची काडी अगरबत्तीपेक्षा थोडी जाड असली तरी चालते. फांदीच्या टोकाकडचा, फुलालगतचा, तीन-तीन पानांचा भाग टाकून द्या. मधला भाग सर्वांत चांगला. सकाळी लवकर कापा, आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या, आणि कापल्या कापल्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा. अर्धा तास उन्हात पडलेली काडी नंतर पाण्यात बुडवली तरी पूर्वपदावर येत नाही. गावाहून आणायची असेल तर ओला कागद, वर प्लास्टिकची पिशवी, आणि घरी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन-तीन दिवस निभावतं.

झाड निरोगी हवं हे सांगायला नको, पण एक गोष्ट नजरेतून सुटते. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा किंवा नक्षी असेल तर तो मोझॅक विषाणू असू शकतो. तो काडीतच असतो, कुठल्याही औषधाने जात नाही, आणि तुमच्या प्रत्येक नव्या रोपात जाणार. अशा झाडाची काडी घेऊ नका.

आता काप. लांबी १५ ते २० सेंटीमीटर, त्यात तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, अर्ध्या सेंटीमीटरच्या आत, तिरका. वरचा काप सर्वांत वरच्या डोळ्याच्या साधारण एक सेंटीमीटर वर, सरळ. तिरका-सरळ ठेवण्यात काही जादू नाही; मुख्य उपयोग हा की कुठलं टोक खालचं ते नंतर ओळखता येतं. उलटी खोचलेली काडी हमखास फुकट जाते, कारण मूळ धरण्यासाठी लागणारं संजीवक (हार्मोन) फांदीत वरून खाली वाहतं आणि मूळ बाजूच्या टोकालाच साठतं. खालचा काप डोळ्याजवळ घ्यायचा तोही याचसाठी. पेराच्या मध्यावर कापलं तर डोळ्याखालचा तुकडा बऱ्याचदा कुजतो आणि कूज वर चढते.

सिकेटर धारदार पाहिजे. बोथट पात्याने साल चेमटते, आणि चेमटलेली साल म्हणजे बुरशीला आमंत्रण. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसा. खालच्या दोन सेंटीमीटरवरचे काटे काढा आणि एका बाजूने सालीची पातळ पट्टी, दीड-दोन सेंटीमीटर लांब, ब्लेडने सोला. फक्त हिरवी साल निघून आतलं पांढरट लाकूड जेमतेम दिसेल इतकंच. त्या जखमेच्या कडेनेही मुळं फुटतात, पाणीही चांगलं शोषलं जातं.

पानांबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे. ‘सगळी पानं काढून टाका, नाहीतर पाणी उडतं’ असं सर्रास सांगितलं जातं. जुन्या, पक्क्या लाकडाच्या काडीला ते चालतं. खुंटासाठी, म्हणजे ज्यावर दुसऱ्या गुलाबाचं कलम बांधतात त्या झाडासाठी, लावतात त्या काड्या बिनपानांच्याच असतात, त्यांच्या लाकडात साठा भरपूर असतो. पण आपण घेतोय त्या अर्धवट पिकलेल्या काडीत तेवढा साठा नाही. तिला रोजची थोडी कमाई पानच करून देतं, आणि मूळ फुटायला लागणारं संजीवकही पान आणि डोळ्यातूनच खाली येतं. पान गेलं की अशी काडी सहसा मूळ धरत नाही. तेव्हा वरची दोन पानं ठेवा. प्रत्येक पानात पाच छोटी पानं असतात, त्यातली टोकाकडची काढून देठाजवळची दोन ठेवा. बाकीची पानं खुडा, ओढून काढू नका, डोळ्याला इजा होते. ही ठेवलेली पानं तीन आठवडे हिरवी राहिली तर समजा निम्मं काम झालं.

यानंतर बुरशीनाशक. कार्बेन्डाझिम लिटरला १ ग्रॅम, त्यात काड्या दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग सावलीत पाणी निथळू द्या. हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका. रासायनिक नको असेल तर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी माध्यमात मिसळता येते, मात्र दोन्ही एकत्र नको, कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाही मारतं.

मूळ फुटवणारं संजीवक म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड, नर्सरीवाले ‘आयबीए’ म्हणतात. १९३५ पासून ते या कामी माहीत आहे आणि आजही याच्याहून भरवशाचं काही आलेलं नाही. कृषी सेवा केंद्रात ते रुटिंग पावडर म्हणून मिळतं, कोवळ्या, मध्यम आणि जुन्या लाकडासाठी वेगवेगळ्या तीव्रतेचं. गुलाबाला मधली. थोडी पावडर कागदावर काढून घ्या, काडीचं टोक एक सेंटीमीटर ओलं करून तिच्यात टेकवा आणि बोटाने टिचकी मारून जास्तीची झाडून टाका. काडी थेट डबीत बुडवली तर ओल लागून सगळी डबी खराब होते. जास्त लावली तर जास्त मुळं येतात असंही नाही, उलट टोक भाजल्यासारखं काळं पडतं. डबी फ्रिजमध्ये, उजेडापासून दूर ठेवा.

द्रावण करायचं असेल तर: १५०० पीपीएमसाठी (म्हणजे लिटरला १५०० मिलिग्रॅम) १५० मिलिग्रॅम आयबीए आधी ५० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग डिस्टिल्ड वॉटर घालून १०० मिलिलिटर करा. थेट पाण्यात ते विरघळत नाही, वर तरंगत राहतं. काडीचं टोक पाच ते दहा सेकंद बुडवायचं, बस. गुलाबाला १००० ते २००० पीपीएम पुरतं, अवघड जातींना ३००० पर्यंत जातात. पण मिलिग्रॅम तोलणारा काटा घरात नसतो, म्हणून दहा काड्यांसाठी या भानगडीत पडू नका. पावडर आणा.

आता बटाटा. बटाट्यात गुलाबाला मूळ फोडेल असं काही नाही. तो ओल धरतो खरा, पण बंद बाटलीत पंधरा दिवसांत सडतो आणि सडका बटाटा काडीच्या उघड्या जखमेला चिकटलेला असतो. कधी कधी बटाटाच उगवतो, आणि लोकांना वाटतं काम झालं. मध जंतू रोखतो, मूळ फोडत नाही. दालचिनी आणि हळद यांचंही तेच. बुरशीवर थोडा परिणाम, बाकी काही नाही. कोरफडीच्या गराने नुकसान होत नाही. फायदा दिसलाच तर तो बहुधा वरच्या बाटलीचा असतो. या सगळ्यात एक उपाय त्यातल्या त्यात आधार असलेला आहे, विलोच्या कोवळ्या फांद्या भिजवून केलेलं पाणी. त्याच कुळातलं वाळुंज आपल्याकडे ओढ्याकाठी वाढतं. पण त्या पाण्यात काय किती उतरलं हे दर वेळी वेगळं असतं. थोडक्यात, गावठी गुलाबाला यातलं काहीच लागत नाही, आणि डच गुलाबाला यातलं काहीच पुरत नाही.

माध्यम. इथे बागेची माती, शेणखत, गांडूळखत, नीमपेंड काही नको. मूळ नसलेल्या काडीला खत घेता येत नाही, आणि खतातले जिवाणू-बुरशी मात्र तिला खातात. पुण्याच्या भागातली काळी माती तर मुळीच नको, ती घट्ट बसते आणि हवा उरत नाही. धुतलेली जाडसर नदीची वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं निम्मं, हे सर्वांत सोपं मिश्रण. वाळू मिळत नसेल तर पर्लाइट. कोकणात, गोव्यात समुद्राची वाळू हाताशी असते म्हणून ती घेऊ नका, कितीही धुतली तरी क्षाराचा धोका राहतो. कोकोपीटची वीटही भिजवून दोन-तीन वेळा पाणी बदलून पिळून घ्या, स्वस्त विटांमध्ये मीठ बरंच असतं. ओल किती? मूठभर मिश्रण घट्ट आवळा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पसरून ठेवा. काहीच आलं नाही तर थोडं पाणी शिंपडा.

कुंडी उथळ नको. कुठल्याही कुंडीच्या तळाशी, कितीही भोकं असली तरी, दोन-तीन सेंटीमीटरचा थर पाण्याने गच्च भरलेला राहतो. काडीचं टोक त्या थरात गेलं की कूज ठरलेली. म्हणून भांडं किमान १२ सेंटीमीटर खोल असू द्या आणि काडी ५-६ सेंटीमीटरच आत. तळाशी खडे-खापऱ्या घालायची सवय इथे उपयोगाची नाही. त्यामुळे पाण्याचा थर नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो, काडीच्या आणखी जवळ.

भांड्यासाठी एक सोय सांगतो. पारदर्शक प्लास्टिकचा उंच ग्लास घ्या, तळाला तापलेल्या सळईने चार-पाच भोकं पाडा, आणि तो ग्लास दुसऱ्या अपारदर्शक ग्लासात बसवा. बाहेरच्यालाही भोकं हवीत. आतला ग्लास उचलून पाहिला की मूळ भिंतीला लागलेलं दिसतं. काडी उपटून ‘मूळ आलंय का’ बघण्याचा मोह यामुळे टळतो, आणि या मोहाने बऱ्याच काड्या वाया जातात. नुकतं फुटलेलं मूळ शेवयांसारखं पांढरं आणि तितकंच ठिसूळ असतं. काडी जरा फिरवली तरी तुटतं.

लावताना आधी काठीने भोक पाडा, मग काडी ठेवा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. किमान एक, शक्यतो दोन डोळे आत जाऊ द्या. बाजूने बोटांनी दाबा, एकदा झारीने पाणी घाला, निथळू द्या. एका भांड्यात अनेक काड्या असतील तर पानं एकमेकांना टेकणार नाहीत इतकं अंतर ठेवा.

वर झाकण. पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनचा तळ कापून पालथा घातला तर उत्तम, आतून पानं भिंतीला टेकत नाहीत. झाकण्याआधी पानांवर बारीक फवारा मारा. आतून धूसर दव दिसलं पाहिजे. थेंब ओघळून धारा लागल्या असतील तर रोज दहा मिनिटं टोपण उघडा. जागा उत्तरेकडची किंवा सकाळचं ऊन पडद्याआडून येणारी. सावलीत वर्तमानपत्र आरामात वाचता येईल इतका उजेड हवा. अंधाऱ्या कोपऱ्यात पान कमाई करत नाही आणि गळतं. थेट ऊन मात्र बंद बाटलीवर अर्धा तासही नको, आतलं तापमान बघता बघता चढतं आणि पानं शिजतात. पाणी रोज घालायचं नाही. भांडं उचलून वजन पाहा, हलकं लागलं तरच, तेही बाजूने थोडं. झाकलेल्या भांड्याला कधी कधी दहा दिवस पाणी लागत नाही, आणि रोज प्रेमाने घातलेल्या पाण्यानेच निम्म्या काड्या कुजतात.

हंगामाबद्दल. मुळं फुटायला माध्यमाचं तापमान २० ते २५ अंश सोयीचं. देशावर ऑक्टोबरची छाटणी झाली की तिथून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चांगला काळ, मार्च ते मे सोडून द्या. जुलै-ऑगस्टही चालतो. कोकण-गोव्यात त्या दिवसांत हवेतच इतका दमटपणा असतो की बाटली नको. पागोळीपासून आणि थेट पावसापासून आडोसा द्या आणि वारा खेळता ठेवा, तिथे वाळण्यापेक्षा बुरशीची भीती जास्त. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, नागपूरकडे रात्री १०-१२ अंशांवर येतात, तेव्हा पाच आठवड्यांचं काम सात-आठ आठवड्यांवर जातं. काडी मरत नाही, नुसती थांबते. रात्री भांडं आत घ्या किंवा पाण्याच्या टाकीशेजारी, गरम भिंतीलगत ठेवा. इंग्लंडसारख्या थंड देशात राहणारे शरद ऋतूत पान गळाल्यावर पक्क्या लाकडाच्या काड्या थेट वाफ्यात लावून वर्षभर तशाच सोडतात, ती पद्धत आपल्या हवेत चालत नाही.

दिवसांचा हिशेब साधारण असा. पहिले दोन-तीन दिवस पान जरा मऊ पडतं, मग सावरतं. दहा ते पंधरा दिवसांत कापाच्या कडेला पांढरट, दाणेदार गाठ येते. तिला कॅलस म्हणतात, जखम भरल्याची ती खूण. त्याच सुमाराला कोंब. मूळ तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, बटन गुलाबाला थोडं आधी. मूळ आल्याची खरी खूण कोंबाच्या वागण्यात दिसते: पहिली दोन-तीन लालसर पानं उघडून तिथेच अडकून न पडता ती हिरवी होतात आणि शेंडा पुढे चालू लागतो. मग काडीला दोन बोटांनी अगदी हलकेच वर ओढून बघा. ती सरकली नाही तर मुळाने धरलंय.

बिघाड झाला तर काडीकडे बघून कारण कळतं. खालून काळी होत वर चढली, साल बोटाने दाबली की पिकल्या केळ्याच्या सालीसारखी सुटते: पाणी जास्त, हवा कमी. वरच्या कापापासून काळी होत खाली आली: तो शेंडेमर म्हणजे डायबॅक, बहुतेकदा घाणेरड्या पात्याने किंवा डोळ्याच्या फार वर कापल्याने. तो दिसला की हिरव्या भागापर्यंत दोन सेंटीमीटर खाली छाटा, पातं पुसा, कापाला बुरशीनाशकाची पेस्ट लावा. साल हिरवी पण सुरकुतलेली, पानं कुरकुरीत: हवा कोरडी पडली, झाकण नीट बसलं नाही. पानांवर राखाडी, केसाळ बुरशी: बाटलीत गळलेलं पान पडून राहिलंय. गळलेलं पान रोज चिमट्याने उचलायचं. पानं पिवळी होऊन गळली पण काडी हिरवीगार आहे, तर लगेच फेकू नका, डोळे फुगलेले असतील तर तिला अजून दोन आठवडे द्या. आणि कॅलसची सुपारीएवढी गाठ होऊन बसली, मूळ नाही, असंही होतं, विशेषतः जुन्या लाकडाला किंवा बोअरचं जड, अल्कधर्मी पाणी घालत असलात तर. गाठ ब्लेडने थोडी खरवडून, परत हलकी पावडर लावून, पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरून पाहता येतं.

डच गुलाबाचं काय? होतं, पण दहातून एक-दोन लागले तरी नशीब. फुलवाल्याकडे येईपर्यंत ती फांदी शीतगृहात राहिलेली असते, खालची पानं ओरबाडलेली असतात, आणि कित्येक दिवस ती स्वतःचा साठा खात आलेली असते. त्यात ही वाणं मुळात पॉलिहाऊससाठी, दुसऱ्या जोमदार खुंटाच्या सालीत डोळा बसवून वाढवायची आहेत. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसांमध्ये ‘नटाल ब्रायर’ हा खुंट चालतो तो त्यामुळेच. स्वतःच्या मुळावर ती रोपं अशक्त राहतात, गॅलरीत भुरी आणि काळ्या ठिपक्याने हैराण करतात. तरी हौस असेल तर फूल ताजं असतानाच काडी करा, फुलदाणीत आठवडा काढल्यावर नाही. पानं शाबूत असलेलीच फांदी निवडा. विक्रीसाठी रोपं करणार असाल तर मात्र ते वाण पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली नोंदलेलं आहे का, हे आधी तपासा.

सोपेपणाने क्रम लावायचा तर गावठी गुलाबी, एडवर्ड, बटन आणि मिनिएचर हे सर्वांत दिलदार. वेली गुलाब आणि झुपक्याने फुलणारे फ्लोरिबंडा मध्यम. ग्लॅडिएटरसारखे मोठ्या फुलांचे हायब्रिड टी त्याहून अवघड. पिवळे आणि जांभळट सर्वांत हट्टी. हट्टी जातींसाठी काडीच्या मागे लागण्यापेक्षा पावसाळ्यात झाडावरच गुटी बांधा. पेन्सिलएवढ्या फांदीवर अडीच सेंटीमीटरची साल गोल काढायची, पावडर लावायची, ओलं मॉस गुंडाळून प्लास्टिकने घट्ट बांधायचं. मूळ येईपर्यंत फांदीला पाणी झाडच पुरवतं, त्यामुळे वाळण्याचा प्रश्नच येत नाही. वेली गुलाबाला तर फांदी वाकवून शेजारच्या कुंडीत दाबकलम करणं आणखी सोपं.

एक फसगत नेहमी होते. नर्सरीतून आणलेल्या कलमी गुलाबाच्या जोडाखालून, खुंटाचा फुटवा येतो. तो सरळ, जोमदार, हिरवागार असतो, म्हणून लोक मुद्दाम त्याचीच काडी घेतात. ती पटकन मूळ धरते, दणकून वाढते, आणि वर्षभराने एकतर बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात किंवा काहीच येत नाही. लाल गुलाबाचा पांढरा झालेला नसतो, तुम्ही खुंट वाढवलेला असतो. काडी नेहमी जोडाच्या वरची, आणि शक्य तर त्या फांदीवर फूल बघूनच.

मुळं तीन-चार सेंटीमीटर झाली की सगळं एकदम उघडं करायचं नाही. पहिल्या दिवशी टोपण काढा, मग रोज तासभर, दोन तास असं झाकण बाजूला ठेवत आठ-दहा दिवसांनी पूर्ण काढा. पान मान टाकतंय असं दिसलं तर एक दिवस मागे जा. त्यानंतर सहा इंची कुंडी: दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू किंवा कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. मुळाभोवतीचा गड्डा न फोडता ठेवा. आठवडाभर सावली, मग सकाळचं ऊन, महिन्याभराने पूर्ण ऊन. खत तीन आठवड्यांनंतर, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. पहिल्या तीन-चार महिन्यांतल्या कळ्या मटाराएवढ्या झाल्या की खुडा. जीवावर येतं, पण त्या वयात एक फूल म्हणजे दोन फांद्यांचं मोल. स्वतःच्या मुळावरचं रोप कलमी रोपापेक्षा पहिलं वर्ष-दीड वर्ष मागे राहतं, त्याला घाई करून मोठ्या कुंडीत टाकू नका. बारा इंची कुंडी सहा-आठ महिन्यांनी.

आता तुमच्या उरलेल्या दोन काड्या. आजच बाटली परत घाला. बटाट्यात असतील तर हलक्या हाताने काढून टोक पाहा. टोक पांढरं-हिरवं असेल तर स्वच्छ पाण्यात धुवून वाळू-कोकोपीटमध्ये लावा. काळं असेल तर हिरवं लागेपर्यंत कापून, डोळ्याखाली नवा काप घेऊन, पावडर लावून मग. कोंबाच्या टोकाला कळी असेल तर ती खुडा, कोंब ठेवा. रात्री भांडी घरात घ्या, पाणी वजन बघूनच. या थंडीत मूळ संक्रांतीच्या आत येईल असं धरू नका, आणि तोवर काडीला हात लावू नका. शिवाय ज्या गावठी झाडाच्या काड्या घेतल्या त्याला आता फुलं असतील, तर त्यातल्या कोमेजत आलेल्या फुलांच्या आणखी सात-आठ काड्या याच आठवड्यात लावून टाका, दोनांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.